धागा: गळासाठी जिवंत अळ्या टिकवणे – हुमणी, शेणातली अळी, कोंड्यातली अळी, माशीची अळी

तापीकाठ (भुसावळ)
दर पावसाळ्यात इथे तोच प्रश्न येतो. अळ्या चांगल्या जाडजूड आणल्या, डब्यात ठेवल्या, आणि दोन-तीन दिवसांत काळ्या पडून वास मारायला लागल्या. उत्तरं चार ठिकाणी विखुरतात आणि पुढच्या वर्षी कोणालाच सापडत नाहीत. म्हणून सगळं या एका धाग्यात लिहूया. गांडुळांचा धागा वेगळा आहे, ती इथे नकोत.

मुळात आपल्याकडे गळाला लावायच्या चार-पाच जातींच्या अळ्या मिळतात आणि एकीला जे मानवतं त्यानेच दुसरी मरते. हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला, माती लागते. शेणातल्या अळीला कुजलेलं शेणखत लागतं. कोंड्यातल्या अळीला कोरडा कोंडा हवा, ओल लागली की ती संपली. माशीच्या अळीला थंडी नसेल तर तीन-चार दिवसांत तिचा कोश होतो. आधी हातात काय आहे ते ओळखा, मग डबा शोधा.

हुमणीपासून सुरू करतो, कारण मरळ, मांगूर आणि शिंगाड्याला तिच्यासारखं आमिष नाही. वळवाचा पाऊस पडला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. गळाला लावण्याजोगी अळी, म्हणजे तिसऱ्या अवस्थेतली साडेतीन-चार सेंटिमीटरची, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मिळते. ऊस किंवा भुईमूग पिवळा पडून सुकतोय आणि रोप ओढलं की अलगद हातात येतंय, तिथे मुळांपाशी वीतभर खणा. ऑक्टोबरनंतर जमीन वाळते तशी ती खोल जाते, मग खणण्यात अर्थ नाही.

डब्यात काळी पडण्याचं कारण साधं आहे. हुमणीचे जबडे मुळं कापण्याचे असतात. दहा-वीस अळ्या एकत्र कोंबल्या की त्या एकमेकींना चावतात. जखमेतून सडण सुरू होते आणि एक सडली की तिच्या पाण्याने शेजारच्या जातात. म्हणून एका अळीला एक डबी.

हॉटेलच्या पार्सलमध्ये चटणीच्या झाकणवाल्या छोट्या डब्या येतात, त्या यासाठी उत्तम. झाकणाला टाचणीने तीन-चार भोकं पाडा, दोन तृतीयांश माती भरा आणि वर अळी ठेवा. निरोगी अळी काही मिनिटांत स्वतःच मातीत शिरते. तासभर वरच पडून राहिली तर खणताना तिला मार लागलेला आहे, ती त्याच दिवशी वापरा.

बागायती_आप्पा (रावेर)
तापीकाठभाऊंनी मातीचं सांगितलं नाही, आणि आपल्याकडे तिथेच घोटाळा होतो. शेतातली काळी माती तशीच डबीत भरू नका. ती ओली झाली की फुगून चिकट गोळा होते आणि आतली हवा बंद. वाळली की दगड होते आणि भेगा पडतात. शेतात भेगा चालतात, दोन बोटांच्या डबीत अळी दोन्हीकडून मरते.

दोन भाग नदीकाठची मळीची माती आणि एक भाग जुनं शेणखत घ्या. दोन्ही चाळून मिसळा. ओल मुठीने बघायची. मूठ दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी येऊ नये आणि गोळ्याला बोट लावलं की तो फुटावा. पाणी द्यायचं तर थेंबथेंब झाकणाच्या भोकातून. अळीच्या दोन्ही कुशींवर श्वासाची बारीक छिद्रं असतात, चिखलाने ती बुजतात.

खायला गाजराची बोटाच्या पेराएवढी चकती मातीत दाबून ठेवा. गाजर नसेल तर बटाटा चालतो, पण तो लवकर सडतो. चार-पाच दिवसांनी चकती बदला. बुरशी दिसली तर चकतीसोबत भोवतालची चमचाभर मातीही काढा.

आणि एक, हुमणी कुठून आणली ते विचारा. दाणेदार औषध टाकलेल्या किंवा क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी झालेल्या (मुळाशी औषधाचं पाणी ओतलेल्या) शेतातली अळी दिसायला जिवंत असते, पण सुस्त पडते, नीट वळत नाही, पाय थरथरतात. ती टिकत नाही. तो मासा आपणच खाणार असतो, हेही लक्षात ठेवा.

नवशिक्या_गळ (चोपडा)
आप्पा, आमच्या उकिरड्यात पांढऱ्या जाड अळ्या ढिगाने निघतात. त्या हुमणीच ना? मग शेतात खणायचं कशाला?

बागायती_आप्पा
नाही, बहुतेक वेळा नाही. एक सोपी परीक्षा आहे. अळी सपाट फरशीवर सोडा. हुमणी कुशीवर पडते, वाकडी होते आणि तशीच खुरडते. उकिरड्यातली फुलभुंग्याची अळी लगेच उलटी होते आणि चक्क पाठीवर सरपटत निघते, पाय वर. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. तिचं डोकंही अंगाच्या मानाने लहान असतं. ती फक्त कुजलेलं खाते, जिवंत मुळं खात नाही. लोक उगाच तिला हुमणी समजून शेणखतात औषध मिसळतात.

तिसरी गेंडा भुंग्याची. अंगठ्याएवढी जाड, दोन-तीन इंचांपर्यंत, कधी त्याहून मोठी. मोठ्या मरळीसाठी १/० च्या गळाला ती एकच पुरे. हिचा भुंगा नारळाचे शेंडे पोखरतो, म्हणून तिला मोकळं सोडायचं नाही.

या दोघींना ठेवणं हुमणीपेक्षा सोपं आहे. २० लिटरची बादली घ्या, बुडाला चार भोकं पाडा आणि तीन चतुर्थांश भाग अर्धवट कुजलेल्या शेणखताने भरा. आपल्याकडे केळीचं खोड फुकट मिळतं. ते चिरून महिना-दोन महिने कुजवलेलं असेल तर एक चतुर्थांश मिसळा. ताजं खोड घालू नका, त्याला पाणी फार असतं, ते आंबतं आणि तापतं. ताजं शेणही तसंच. हात आत खुपसल्यावर ऊब लागली किंवा डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ते खत अजून तयार नाही.

एवढ्या बादलीत फुलभुंग्याच्या पंचवीस-तीस अळ्या राहतात. गेंड्याच्या आठ-दहा, जास्त नको. त्यांच्या लेंड्या कडक, लांबट दाण्यांसारख्या असतात. मूठभर खत उचललं आणि निम्म्या लेंड्याच दिसल्या की खाणं संपलं, अर्धं खत बदला. पूर्ण बदलू नका, एकदम नवं खत त्यांना सोसत नाही.

पांझराकर (धुळे)
एवढा खटाटोप कशाला? वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, डब्यात घालायच्या, डबा फ्रीजमध्ये. विषय संपला.

तापीकाठ
पांझराकर, माशीच्या अळीला ते लागू आहे, थोडंफार कोंड्यातल्या अळीलाही. हुमणीला फ्रीज लागतच नाही. ती ज्या महिन्यांत सापडते त्या महिन्यांत घरातल्या सावलीतल्या मातीचं तापमान तिला मानवतं. तिची अळीची अवस्थाच काही महिने चालते. फ्रीजमध्ये ठेवलेली हुमणी पाण्यात गेल्यावर लाकडासारखी पडून राहते, आणि ती हलते म्हणूनच तर आपण जिवंत आमिष लावतो. वर्तमानपत्र तिची ओल शोषून घेतं, हा दुसरा तोटा.

कोंडा_ताई (जळगाव)
फ्रीजबद्दल मीही लिहिते, कारण कोंड्यातल्या अळ्यांची निम्मी मर तिथेच होते. बाजारात मासे-पक्ष्यांच्या दुकानात दोन जाती मिळतात. एक बारीक, पिवळसर, इंचभर. दुसरी दुप्पट मोठी, दोन्ही टोकांना गडद, तिला सुपरवर्म म्हणतात. बारीक अळी ८ ते १० अंशांवर सुप्त होते आणि महिनाभर तशीच राहते. सुपरवर्म त्याच फ्रीजमध्ये मरते. दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत देतात आणि "फ्रीजमध्ये ठेवा" सांगतात, तेव्हा आधी बघून घ्या.

बारीक अळीसाठी गुळगुळीत प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, साधारण फूट बाय सव्वा फूट. खरखरीत कडेवरून त्या चढून जातात. त्यात अर्धा किलो गव्हाचा कोंडा दोन-अडीच इंच थरात, एवढ्यात तीनशे-चारशे अळ्या सहज राहतात. पाण्याची वाटी ठेवायची नाही, पाणी शिंपडायचं नाही. ओल फक्त गाजराच्या पातळ चकत्यांतून, चकती सालीच्या बाजूने कोंड्यावर ठेवायची म्हणजे खालचा कोंडा भिजत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली चकती उचला.

फ्रीजमध्ये ठेवत असाल तर दर आठवड्याला एक दिवस बाहेर काढून गाजर द्या. पावसाळ्यात बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका. थंड कोंड्यावर हवेतलं पाणी धरतं. डबा बाहेरच्या हवेइतका होऊ द्या, तासभर लागतो, मग उघडा.

तळाशी वाळूसारखी बारीक भुकटी जमते, ती त्यांची विष्ठा. दर पंधरा दिवसांनी मैद्याच्या चाळणीने काढा. ट्रेच्या कडेला राखाडी धूळ दिसली आणि ती धूळ हलत असली तर ते कोळीवर्गातले किडे आहेत. म्हणजे कोंड्यात ओल शिरली. अळ्या चाळून घ्या आणि कोंडा ट्रेसकट बाहेर. नवा कोंडा आणला की तो आधी मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर दिवसभर वाळवून भरून ठेवा. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

सुपरवर्मला तोच कोंडा, पण साध्या खोलीत. गर्दीत तिचा कोश होत नाही, म्हणून दाटीवाटीने ठेवली तर आपल्या फायद्याचंच. मात्र गाजर चुकलं की त्या एकमेकींना खातात. कोंडा कुठल्या गोणीतला तेही बघा. धान्यात कीड लागू नये म्हणून जे जे घालतात, कडुनिंबाचा पाला असो की गोळ्या, त्यातलं काहीही या अळ्यांना चालत नाही. त्याही धान्यातल्या किड्याच आहेत.

नवशिक्या_गळ
ताई, मुंग्या फार येतात. ट्रेभोवती मुंग्यांचा खडू ओढला तर?

कोंडा_ताई
नाही दादा. त्या खडूत कीटकनाशकच असतं, भुकटी उडून ट्रेत गेली तरी पुरे. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचा एक थेंब. खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा मशीन लावत असाल तर ट्रे दुसऱ्या खोलीत. अंगाला डासांचं मलम चोळून अळीला हात लावू नका. नदीकाठी संध्याकाळी हे हमखास विसरलं जातं.

नवापूर_बॅकवॉटर
उकाई धरणाच्या फुगवट्यात चिलापी आणि बारीक खवल्यांच्या माशांसाठी माशीची अळी जास्त चालते, म्हणून तिचं लिहितो. घरात मांस सडवून अळ्या काढू नका, वास आणि रोगराई दोन्ही. चिकन दुकानामागच्या कचऱ्यात तयार मिळतात, हातमोजे घालून घ्या.

आणल्याबरोबर धुवायच्या नाहीत. ओली अळी डब्याच्या सरळ भिंतीवरही चढते आणि झाकणाच्या फटीतून निघते. कोरड्या मक्याच्या पिठात किंवा वखारीतल्या कोरड्या लाकडी भुशात अर्धा तास लोळवा, चिकटपणा आणि वास पीठ शोषून घेतं. मग रव्याच्या चाळणीत ठेवा. जिवंत अळ्या स्वतः वळवळत खाली पडतात, मेलेल्या आणि घाण वर राहते. ही चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे सांगायला लागू नये.

नवं पीठ घालून पसरट डब्यात ठेवा, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. दाट थरात त्या स्वतःच्या हालचालीने तापतात. डबा हाताला गरम लागला की समजायचं थर जास्त झाला. फ्रीजमध्ये ३-४ अंशांवर आठवडा-दहा दिवस जातात. बाहेर ३० अंशांत तीन-चार दिवसांत कोश. अंगात काळी रेघ दिसत असेल तर पोटात खाणं आहे, ती जास्त टिकते. रेघ गेलेली आधी वापरा.

तपकिरी कोश झाले तरी फेकू नका. नवा, फिकट कोश पाण्यात बुडतो, तो गळाला चालतो. गडद झालेला तरंगतो, तो निवडून काढा.

तापीकाठ
काळ्या सैनिक माशीची अळी राहिली. ओल्या कचऱ्याच्या खतपेटीत चपट्या, खरबरीत अळ्या दिसतात त्या याच. पूर्ण वाढली की ती काळपट-तपकिरी होते, खाणं सोडते आणि स्वतःहून पेटीबाहेर निघते. त्या वेळी गोळा करा. कोरड्या भुशात १०-१५ अंशांवर काही आठवडे काहीही न खाता राहते. कातडं चिवट, गळावरून सुटत नाही. ठेवायला सगळ्यात कमी कटकटीची हीच, पण मरळीला लहान पडते.

मेणपतंगाची अळी मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यात मिळते. आपल्याकडे फार थोड्यांना, म्हणून एवढंच की तिलाही फ्रीज नको. थंडीने काळी पडते.

पांझराकर
बरं, फ्रीजचं मागे घेतलं. पण मे महिन्यात काय करायचं? धुळ्या-जळगावला ४३-४४ अंश, दुपारी लाईट नाही, ट्रेतल्या अळ्या उकडून निघतात.

बागायती_आप्पा
मडक्यात मडकं. बाहेर मोठं, आत लहान, दोन्ही भाजलेल्या मातीची, चकाकी नसलेली. मधल्या दोन-तीन बोटांच्या जागेत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. आतल्या मडक्यात अळ्यांचा डबा, वर ओलं गोणपाट. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४२ असताना आत २६-२८ च्या आसपास मिळतं. वारा लागला पाहिजे. बंद कोपऱ्यात ठेवलं तर काही होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच पाणी असतं तेव्हा या मडक्याचा उपयोग नाही, तेव्हा गरजही नसते.

कोंड्याचा डबा आत ठेवताना खाली वीट ठेवा, मडक्याचं बूड पाझरतं.

शेणातल्या अळ्यांचा हंगामही नेमका हाच. एप्रिल-मेमध्ये उकिरडे उपसून शेतात खत टाकतात तेव्हा भरपूर निघतात. खत ट्रॉलीत भरताना मागून उभे राहा, बगळे आणि कावळे यायच्या आत. मात्र ज्या गोठ्यात जनावरांना जंतासाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलंय, तिथलं शेण पुढचे काही आठवडे बादलीत घालू नका. औषध शेणातून उतरतं आणि त्यात अळ्या जगत नाहीत. बाहेरून आणलेल्या अशा शेणाने अख्खी बादली मेली की लोक उन्हाला दोष देतात.

नवापूर_बॅकवॉटर
प्रवासाचं जोडतो. मोटारसायकलच्या डिक्कीत डबा ठेवू नका, उन्हात ती भट्टी होते. दहा लिटरचा थर्मोकोलचा डबा, त्यात एक लिटरची गोठवलेली पाण्याची बाटली कागदात गुंडाळून एका कडेला. बाटली आणि अळ्यांच्या डब्यांमध्ये पुठ्ठा उभा करा, थंडगार बाटलीला टेकलेल्या अळ्या आखडतात. मेच्या उन्हात एवढा बर्फ पाच-सहा तास पुरतो. झाकणाला दोन भोकं हवीत.

काठावर पोहोचल्यावर दहा-बारा अळ्या खिशातल्या डबीत घ्या, बाकी डबा झाडाखाली ओल्या वाळूत अर्धा गाडा आणि पुन्हा पुन्हा उघडू नका. ओल्या हाताने हाताळलेल्या, गळावरून काढलेल्या अळ्या मूळ डब्यात परत टाकायच्या नाहीत. सगळा साठा तिथूनच सडायला लागतो.

नवशिक्या_गळ
गळाला लावताना हुमणी फुटते, सगळं पाणी निघून नुसतं कातडं राहतं. काय चुकतं?

तापीकाठ
मधून टोचत असाल. तिच्या पोटात बहुतेक पाणीच. डोक्याच्या लगेच मागे जाड कातड्याची घडी असते. ६ किंवा ४ नंबरचा गळ तिथून फक्त कातड्यातून घाला आणि टोक बाहेर काढा. गळ धारदार हवा, बोथट गळ ढकलतानाच अळी फुटते. अशी अळी पाण्यात बराच वेळ वळवळत राहते. दोरीचं शिसं (वजन) हलकं ठेवा. तळाच्या गाळात रुतली तर दिसणार कोणाला?

माशीच्या अळीचं उलटं. तिचं टोकदार टोक म्हणजे डोकं. बोथट टोकाला दोन काळे ठिपके दिसतात ते डोळे नाहीत, श्वासाची छिद्रं आहेत. १४-१६ नंबरचा बारीक गळ त्या बोथट टोकाच्या कातड्यातून जेमतेम घाला. दोन-तीन अळ्या एकत्र लावा.

रोहू, मृगळ, कटल्यासाठी या सगळ्याच्या मागे लागू नका, त्यांना पिठाचा गोळा बरा. वाम रात्री घेते, पण तिला गांडूळ जास्त आवडतं.

बागायती_आप्पा
डबीत मेलेली हुमणी कशाने मेली ते बघून फेका. मऊ, काळी, घाण वासाची म्हणजे जखमेतून सडलेली. ती डबी साबणाने धुऊन उन्हात टाका. कडक होऊन आधी पांढरी आणि मग हिरव्या पावडरीने माखलेली असेल तर ती मेटारायझियम बुरशी. अळ्यांच्या साठ्याला ती घातक, म्हणून शेजारच्या डब्या लगेच दूर करा. पण ती मेलेली अळी फेकू नका, हुमणी लागलेल्या उसाच्या बुडाशी पुरा. हीच बुरशी हुमणीसाठी दुकानात पैसे देऊन आणतो.

अळी पिवळसर झाली, शेपटाकडची काळी छटा गेली, गाजर खाईना आणि मातीत गुळगुळीत पोकळी करून बसली तर ती कोशात जातेय, मेली नाही. पोकळी फोडलीत तर मरेल. गळाला लावायची तर त्याआधीच.

पांझराकर
उरलेल्या अळ्यांचं काय करावं? आणि हतनूर धरणावर गळ टाकून बसायचं तर कोणाला विचारावं लागतं?

तापीकाठ
धरणांतली मासेमारी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेली असते. काठावर जाण्याआधी तिथल्या सोसायटीच्या माणसाला विचारा, परवानगीची पावती असेल तर घ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यावरचे मासे चढतात तेव्हा बसू देत नसतील तर हुज्जत घालू नका.

कोंडा_ताई
उरलेल्या हुमणी आणि गेंड्याच्या अळ्या बांधावर टाकायच्या नाहीत, पुढच्या पावसात त्याच भुंगेरे होऊन कोणाच्या तरी शेतात उतरतात. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून मग पुरा. सुपरवर्मही तशाच, ती इथली नाही. शेणातली फुलभुंग्याची अळी मात्र खुशाल उकिरड्यात परत टाका. कोंबड्यांना घालायच्या तर आळवणी झालेल्या शेतातल्या आणि सडक्या मांसातल्या माशीच्या अळ्या सोडून बाकीच्या चालतात, गेंड्याची मोठी असेल तर आधी डोकं ठेचून द्या, लहान पिल्लांना चावते.